जूनअखेरची यादी आणि डिसेंबरची भीती

प्रश्न : चित्रपट पाहणाऱ्या बारा जणांचे आमचे एक मंडळ आहे. यंदा प्रथमच 'सहामाहीतले सर्वोत्कृष्ट' निवडायचे ठरले आणि यादी करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. दहा चित्रपट आणि पाच अभिनय असे तिचे स्वरूप आहे. जानेवारीपासून मी ३४ चित्रपट पाहिले, पण यादी करायला बसले तेव्हा पहिल्या सातांपैकी पाच मे-जूनमधलेच निघाले. एक चित्रपट गेल्या वर्षी महोत्सवात दाखवला गेला आणि यंदा फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. तो घ्यायचा की नाही यावरून दोन सभासदांत बोलणे बंद होण्याची वेळ आली आहे. ज्या अभिनेत्रीचे काम मला सर्वांत आवडले, तिचा चित्रपट सुमार आहे. शिवाय खरे चांगले चित्रपट वर्षाच्या उत्तरार्धातच येतात असे सगळेच म्हणतात. मग डिसेंबरात आपलीच यादी आपल्याला खोटे पाडणार असेल, तर हा खटाटोप करावा तरी कशाला?
– यादीच्या ओझ्याखाली दबलेली एक वाचक

उत्तर : नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की बाकीच्या प्रश्नांतील निम्मा ताण आपोआप उतरेल. डिसेंबर तुम्हाला खोटे पाडू शकत नाही, कारण जूनची यादी हे भाकीतच नव्हे. ती पंचनाम्यासारखी असते. पंचनामा करणारा निकाल देत नाही. खुणा पुसल्या जाण्याआधी जागेवर काय दिसले, एवढेच तो तारीख घालून लिहून ठेवतो. पुढे निकाल वेगळा लागला म्हणून पंचनामा खोटा ठरत नाही, उलट निकाल देणाऱ्याला त्याचाच आधार घ्यावा लागतो. वर्षाच्या शेवटी जी मंडळी 'वर्षातले उत्तम' निवडायला बसतात, त्यांच्यापुढे पूर्वार्धातल्या चित्रपटांची बाजू मांडणारे सहसा कोणी नसते. ते काम तुमच्या यादीने करायचे आहे, आणि ते झाले की तिचे सार्थक झाले.

चांगले चित्रपट उत्तरार्धातच येतात या समजुतीत तथ्य आहे, पण सगळे म्हणतात तेवढे नाही. ऑस्करची नामांकने जानेवारीच्या सुमारास ठरतात आणि मतदारांच्या मनात जे ताजे असते त्याला झुकते माप मिळते, म्हणून पुरस्कारांची आशा असलेले चित्रपट हॉलीवूडचे निर्माते शरद ऋतूपर्यंत राखून ठेवतात. म्हणजे हा वाटपाचा डाव आहे, त्याचा गुणवत्तेशी थेट संबंध नाही. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' १९९१ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला आणि तब्बल तेरा महिन्यांनी, १९९२ च्या मार्चमध्ये, त्याने चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा हे पाचही प्रमुख ऑस्कर घेतले. 'गेट आउट' २०१७ च्या फेब्रुवारीतला. त्याला मूळ पटकथेचा पुरस्कार मिळाला. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' २०२२ च्या मार्चमध्ये आला आणि पुढच्या मार्चमध्ये सात ऑस्कर घेऊन गेला. त्या त्या वर्षीच्या जूनमध्ये कोणी मन लावून यादी केली असेल, तर तिला डिसेंबरपुढे मान खाली घालावी लागली नसेल. अर्थात पुरस्कार मिळाला म्हणून यादी बरोबर ठरली असेही मी म्हणणार नाही. एवढेच सांगतो, की पूर्वार्ध ही काही उरल्यासुरल्या चित्रपटांची अडगळ नव्हे.

आता स्मरणशक्तीकडे वळू, कारण तुमच्या पत्रातली खरी अडचण मला तिथेच दिसते. सातांपैकी पाच मे-जूनमधले निघाले, याचे कारण मे-जून विशेष सुगीचे होते हे असू शकते. पण जानेवारी पुसट झाला आहे, ही शक्यता अधिक. हा दोष तुमचा एकटीचा नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशा एका यादीत ज्या चित्रपटाला पहिले स्थान दिले होते, तो मी यादी पाठवण्याच्या दोनच दिवस आधी पाहिला होता. डिसेंबरात कोणीतरी त्या चित्रपटाबद्दल विचारले तेव्हा मला पार्श्वसंगीत आठवत होते आणि बाहेर पडताना आलेला हुंदका आठवत होता, परंतु नायिकेच्या पात्राचे नाव, ती काय काम करत होती, शेवटी तिने नेमके काय ठरवले, यांतले काहीही आठवेना. म्हणजे मी चित्रपटाला नव्हे, त्या संध्याकाळी भरून आलेल्या स्वतःच्या मनाला पहिला क्रमांक दिला होता. त्यानंतर मी वही ठेवू लागलो. चित्रपट पाहून आल्या रात्री तिच्यात फक्त नाव आणि तारीख लिहितो. मत दुसऱ्या दिवशी सकाळी, तीन ओळींत, आणि त्यांपैकी एका ओळीत डोळ्यांना दिसलेली एखादी गोष्ट असलीच पाहिजे असा नियम केला आहे. 'अप्रतिम', 'जबरदस्त' हे शब्द सहा महिन्यांनी वाचले तर त्यांतून काही हाती लागत नाही. 'बाप दिवा मालवायला गेला आणि बटणावर बोट ठेवून तसाच उभा राहिला' एवढे लिहिलेले असेल तर अख्खा प्रसंग परत येतो.

तुमच्याकडे अशी वही नसावी, असे पत्रावरून वाटते. हरकत नाही. एका कोऱ्या कागदावर, काहीही न उघडता, कोणालाही न विचारता, आठवतील तेवढे चित्रपट आणि प्रत्येकातला एकेक प्रसंग लिहून काढा. मग तिकिटे, ओटीटीवरची पाहिलेल्यांची नोंद, मैत्रिणींना पाठवलेले संदेश यांवरून पूर्ण ३४ ची यादी तयार करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीतला जो चित्रपट पहिल्या कागदावर प्रसंगासकट आपल्या पायांनी आला आहे, त्याने पाच महिन्यांची परीक्षा दिलेली आहे. जूनमधल्या चित्रपटाने ती अजून द्यायची आहे. दोघे तुल्यबळ वाटले तर जुन्याला वरचे स्थान द्या. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाहिलेल्या चित्रपटाला मी स्वतः पहिल्या तिनांत घेत नाही. हा नियम थोडा कठोर आहे हे मान्य, पण तो मी वरच्या अनुभवातून कमावला आहे.

पुसट झालेले चित्रपट पुन्हा पाहावेत का? सगळे पाहणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. जे तीन-चार आत की बाहेर अशा उंबरठ्यावर उभे आहेत, तेवढेच पाहा. पहिल्या पाहणीत काय होईल ते आपण कथेच्या ओढीने पाहत असतो, दुसऱ्या पाहणीत ते कसे केले आहे हे दिसू लागते, आणि काही चित्रपट या दुसऱ्या पाहणीतच उघडतात. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' १९५८ चा. 'साइट अँड साउंड' या नियतकालिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या समीक्षकांच्या कौलात पहिल्या दहांत यायला त्याला १९८२ उजाडावे लागले आणि २०१२ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. जाणकारांना जिथे चोवीस वर्षे लागली, तिथे तुमचे सहा महिन्यांचे मत थोडे इकडेतिकडे झाले तर त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

आता दोन सभासदांतला तंटा. वर्ष कशाने मोजायचे हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, आणि त्यात दोघेही बरोबर असू शकतात. 'कॅसाब्लांका' न्यूयॉर्कमध्ये १९४२ च्या नोव्हेंबरात झळकला, पण लॉस एंजेलिसमध्ये १९४३ च्या जानेवारीत आला, म्हणून ऑस्करच्या हिशेबात तो १९४३ चा ठरला आणि १९४४ च्या मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून गौरवला गेला. चॅप्लिनचा 'लाइमलाइट' १९५२ चा, परंतु लॉस एंजेलिसमध्ये तो १९७२ पर्यंत प्रदर्शितच झाला नव्हता. त्याच्या संगीताला ऑस्कर मिळाले ते १९७३ मध्ये. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांसाठी प्रदर्शनाची नव्हे, सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख पाहतात. त्यामुळे 'कोर्ट' व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ च्या सप्टेंबरात गाजला, २०१४ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला, आणि सर्वसामान्य प्रेक्षकाने तो चित्रपटगृहात पाहिला तो मात्र २०१५ च्या एप्रिलमध्ये. त्याच दिग्दर्शकाचा 'द डिसायपल' व्हेनिसला २०२० मध्ये होता आणि घरोघरी पोहोचला २०२१ च्या एप्रिलमध्ये. फार कशाला, पहिले ऑस्कर ज्या 'वर्षा'साठी दिले गेले ते ऑगस्ट १९२७ ते जुलै १९२८ असे होते. जानेवारी ते डिसेंबर हा हिशेब तिथे १९३४ पासून रूढ झाला.

तेव्हा 'खरे' वर्ष कोणते यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मंडळाला पेलेल असा नियम ठरवावा आणि तो यादीच्या माथ्यावर एका वाक्यात लिहावा. माझी शिफारस अशी, की ज्या दिवशी एखादा सामान्य सभासद तिकीट काढून किंवा वर्गणी भरून तो चित्रपट पाहू शकला, तो त्याचा दिवस मानावा. या नियमाने तुमचा फेब्रुवारीतला चित्रपट यंदाच्या यादीत येतो. मात्र याच नियमाची दुसरी बाजूही पाळावी लागेल: यंदा मे महिन्यात कान महोत्सवात एखाद्या सभासदाने काही पाहिले असेल आणि ते इतरांना अजून पाहायला मिळालेले नसेल, तर ते या यादीत येणार नाही. 'अनोरा'ला २०२४ च्या मे महिन्यात पाम द'ओर हा कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पण चित्रपटगृहांत तो ऑक्टोबरात आला. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला त्याच महोत्सवात ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला आणि देशभरातल्या प्रेक्षकांना तो नोव्हेंबरात पाहायला मिळाला. महोत्सवाला जाणाऱ्या समीक्षकाची जूनची यादी आणि तुमची यादी वेगळी असणारच, आणि तुमची यादी तिच्या मागे पडली असा त्याचा अर्थ होत नाही. चित्रपटगृह की ओटीटी हा भेद मात्र यादीत आणू नका. पडदा लहान होता म्हणून एखाद्या चित्रपटावर अन्याय झाला असे तुम्हाला वाटत असेल, तर तो उंबरठ्यावरच्यांत टाकून शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहावा.

अभिनयाच्या निवडीकडे येतो. हा भाग मला सर्वांत आवडीचा, आणि सर्वांत फसवाही.

पहिली गोष्ट म्हणजे, तुमच्या आवडत्या अभिनेत्रीचा चित्रपट सुमार असणे हे तिला वगळण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट थोडे जास्त बारकाईने पाहण्याचे ते निमित्त आहे. चांगल्या चित्रपटात नटाला संहिता सांभाळते, संकलक त्याच्या चुका कापून टाकतो, समोरचा नट त्याला हवी ती लय देतो. कमकुवत चित्रपटात हे काहीच नसते, आणि तरीही एखादी व्यक्ती खरी वाटत असेल तर ते श्रेय जवळजवळ सगळे तिचे. पण इथे उलटा धोकाही आहे. आजूबाजूला सगळेच लाकडी असतील तर बेताचे कामही उजळून दिसते, वासरांत लंगडी गाय शहाणी ठरते. म्हणून तिचे दोन प्रसंग निवडा आणि ते तीनदा पाहा: एकदा नेहमीसारखे, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा समोरचे पात्र बोलत असताना फक्त तिच्याकडे लक्ष ठेवून. बोलण्याची पाळी आपली नसताना नट काय करतो, यातून जितके कळते तितके त्याच्या मोठ्या संवादांतून कळत नाही. काही नट आपली ओळ कधी येते याची वाट पाहत असतात, आणि ते डोळ्यांत दिसते. काही जण ऐकत असतात. तिसऱ्यांदा पाहतानाही ती ऐकत आहे असे वाटले, तर निःशंक मनाने तिला यादीत घ्या.

दुसरी गोष्ट लांबीची. 'नेटवर्क' या १९७६ च्या चित्रपटात बीट्रिस स्ट्रेट या अभिनेत्रीचे काम जेमतेम पाच मिनिटांचे आहे आणि त्यासाठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. नवरा दुसऱ्या स्त्रीत गुंतल्याचे घरात उभे राहून कबूल करतो, आणि त्या एका प्रसंगात संताप, अपमान, इतक्या वर्षांच्या संसाराचा हिशेब आणि मग हळूहळू ओसरत जाणारा आवाज एवढा सगळा प्रवास ती करते. चित्रपट तिच्या पात्राचा नाही, तरीही त्या पाच मिनिटांपुरता तो तिचाच होतो. अँथनी हॉपकिन्स 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये अर्ध्या तासापेक्षाही कमी वेळ पडद्यावर आहे, आणि त्याला मिळाले ते मुख्य अभिनेत्याचे पारितोषिक. मुख्य आणि सहाय्यक या भिंतींचा फार विचार तुम्ही करू नये, असे मला वाटते. सहाय्यक नटांसाठीची ऑस्करे १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाली आणि दशकभरातच त्यांनी गंमत करून दाखवली: १९४४ च्या 'गोइंग माय वे'मधल्या एकाच भूमिकेसाठी बॅरी फिट्झजेराल्डला मुख्य आणि सहाय्यक अशी दोन्ही नामांकने मिळाली, तो सहाय्यक म्हणून जिंकला, मुख्यचे पारितोषिक त्याच चित्रपटातल्या बिंग क्रॉस्बीला गेले आणि त्यानंतर नियमच बदलावा लागला. तुमच्या पाच जागा मोकळ्या ठेवा. स्त्री-पुरुष, लहान-मोठे असे काही न पाहता पाच कामे निवडा. बर्लिनच्या महोत्सवाने २०२१ पासून अभिनेता-अभिनेत्री हा भेद काढून टाकला आहे, आणि कानमध्ये २००६ साली 'व्होल्व्हर'मधल्या सहा अभिनेत्रींना मिळून एकच पुरस्कार दिला गेला होता. तेव्हा एखाद्या चित्रपटातल्या दोघांचे काम एकमेकांवाचून वेगळे काढता येत नसेल, तर तुम्हीही त्यांना एका जागेवर बसवू शकता.

तिसरी गोष्ट दिसणाऱ्या कष्टांची. घटवलेले वजन, तासन्‌तास लागलेली रंगभूषा, शिकून घेतलेली बोली, हुबेहूब उचललेल्या लकबी यांचा आदर जरूर करावा, पण ती झाली तयारी. तिच्यापलीकडे त्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे कळले का, हा प्रश्न उरतोच. उलट बाजूने, चेहरा निश्चल ठेवलेल्या प्रत्येक नटाला 'संयत' म्हणून डोक्यावर घेण्याचीही घाई करू नये. कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग प्रसिद्ध आहे: एका नटाच्या त्याच त्या भावहीन चेहऱ्यापुढे कधी सूपची वाटी, कधी शवपेटी जोडली, आणि पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात एकदा भूक आणि एकदा दुःख दिसले. संयम नटाचा होता की संकलकाच्या कात्रीचा, हे ठरवायचे असेल तर न तुटलेले, लांब चाललेले एखादे दृश्य शोधा. तिथे कात्री मदतीला येत नाही.

राहिला प्रश्न संख्येचा आणि मतांचा. तुम्हाला ३४ पैकी सहाच चित्रपट मनापासून आवडले असतील तर यादी सहांची करा. दहाचा आकडा भरण्यासाठी घेतलेले चार चित्रपट वरच्या सहांचेही मोल कमी करतात. मतदानाबाबत एक सूचना आहे. बारा जणांनी एकेक आवडता चित्रपट सांगितला तर तिघांच्या हट्टाने पहिला क्रमांक ठरू शकतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २००९ च्या चित्रपटांपासून ऑस्करमध्ये पसंतीक्रमाची पद्धत वापरतात, तीच घ्या: प्रत्येकाने क्रम लावायचा, ज्याला सर्वांत कमी प्रथम पसंती तो बाद, आणि त्याला पहिली पसंती देणाऱ्यांची मते त्यांच्या पुढच्या पसंतीकडे वळवायची, कोणाला निम्म्याहून अधिक मते मिळेपर्यंत हे करत राहायचे. या पद्धतीत कोणाचाच नावडता नसलेला चित्रपट वर येतो, ही तिची ताकद आहे आणि खोटही आहे, कारण लोकांना दुभंगणारा विलक्षण चित्रपट तीत मागे पडतो. शिवाय बारांपैकी तिघांनीच पाहिलेल्या चित्रपटाला हरवायला कोणाच्या नापसंतीचीही गरज पडत नाही. म्हणून किमान सात जणांनी पाहिलेल्या चित्रपटांपुरते मतदान ठेवावे, आणि शेजारी प्रत्येक सभासदाने 'हा बाकीच्यांनी पाहायलाच हवा' असा एकेक चित्रपट सुचवावा. मला विचाराल तर वाचणारे आधी त्या दुसऱ्या रकान्याकडेच वळतील.

प्रत्येक नोंदीपुढे दोन वाक्ये लिहा आणि त्यांपैकी एका वाक्यात एखादा प्रसंग असू द्या. जे चित्रपट पाहायचे राहून गेले त्यांची नावे शेवटी प्रांजळपणे द्या, म्हणजे 'तो कसा नाही?' या प्रश्नाचे उत्तर आधीच दिलेले असेल. माथ्यावर तारीख घाला. डिसेंबरात क्रम बदलावासा वाटला तर नवी यादी करा, ही खोडू नका. कोणते नाव कधी आणि का खाली गेले, हे दोन्ही कागद शेजारी ठेवले तरच कळेल. आणि अभिनयाच्या रकान्यात त्या अभिनेत्रीचे नाव आजच पहिल्या ओळीत लिहून टाका. तिच्या चित्रपटाचे नाव त्यापुढे बारीक अक्षरात आले तरी चालेल.